सेंट ऑल्बन्सची जाती आणि ठाण्याची घूस

मध्ययुगीन युरोपातील सामान्य माणूस जगाकडे कसा पाहत असे, तो प्रत्यक्षात कसा जगत असे, आणि पृथ्वी सपाट आहे अशी त्याची खरोखरच समजूत होती का, असा हा तिहेरी प्रश्न आहे. महाविद्यालयात हा विषय पंचवीसहून अधिक वर्षे शिकवताना तो मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारलेला आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी त्याचे जे उत्तर देत असे, ते आज माझे मलाच पटत नाही. मी फळ्यावर सरंजामशाहीची उतरंड काढत असे. सर्वांत वर राजा, त्याखाली सरदार, त्याखाली नाइट, तळाशी भूदास आणि एका बाजूला चर्च. परीक्षेला ती आकृती उपयोगी पडे. मात्र त्या उतरंडीत सकाळी उठून चूल पेटवणारा एकही माणूस कधी दिसला नाही. शिवाय आइसलँडपासून सिसिलीपर्यंतचा प्रदेश आणि जवळजवळ हजार वर्षांचा काळ एका वाक्यात बसवू पाहिला, की त्या वाक्यात काही अर्थच उरत नाही. म्हणून पुढे मी एकच गाव धरून शिकवू लागलो, आणि इथेही तेच करतो.

ते गाव म्हणजे लंडनच्या उत्तरेस सुमारे 30 किलोमीटरवर असलेले सेंट ऑल्बन्स. रोमन अमलाच्या काळात ऑल्बन नावाच्या माणसाने छळापासून पळणाऱ्या एका ख्रिस्ती धर्मगुरूला घरात आसरा दिला आणि त्याच्याऐवजी स्वतः शिरच्छेद पत्करला, अशी कथा आहे. त्याच्या थडग्याच्या जागी पुढे बेनेडिक्टाइन पंथाचा मठ उभा राहिला, आणि 1077 मध्ये सुरू झालेल्या मठाच्या नव्या चर्चसाठी शेजारच्या उजाड रोमन नगरीच्या विटा उपसून आणल्या गेल्या. गाव वाढले ते या मठाच्या दाराशी. जमिनीचा मालक मठाधिपती, न्यायसभा त्याची, तुरुंग त्याचा, बाजाराचे उत्पन्न त्याचे आणि पाणचक्कीही त्याचीच; आणि आजारी मुलासाठी ज्या संताच्या अस्थींपुढे गुडघे टेकून नवस बोलायचा, त्या अस्थीही त्याच्याच ताब्यात. मी हे गाव निवडले याचे मुख्य कारण असे, की या मठात पिढ्यान्‌पिढ्या बखरकार होऊन गेले आणि त्यांनी चांगले-वाईट सगळे लिहून ठेवले, अगदी आपल्या शत्रूंनी काय केले तेसुद्धा.

आधी घर पाहू. लाकडी सांगाडा, त्यात विणलेल्या फांद्यांचा कुड, कुडावर माती, शेण आणि पेंढा यांचे लिंपण, आणि वर शाकारलेले छप्पर. कोकणातल्या जुन्या घरांत वावरलेल्या वाचकाला यातले काहीच परके वाटणार नाही. चूल मात्र भिंतीला लागून नसे. जमिनीवर, खोलीच्या मधोमध जाळ पेटे आणि धुराडे नसल्याने धूर छपरातून वाट काढत बाहेर पडे. थंडीत अनेक घरांत जनावरेही त्याच छपराखाली बांधलेली असत. मडक्यात ओट किंवा जव, वाटाणे, कांदा, कोबी असे मिळेल ते दिवसभर रटरटत असे. सोबत गहू आणि राय नावाचे हलके धान्य मिसळून केलेला जाडाभरडा पाव, आणि पिण्याला जवापासून घरीच गाळलेली एल नावाची बिअर. ती बहुधा बायका करत आणि शेजाऱ्यांना विकत, आणि माप किंवा किंमत चुकवल्याबद्दल न्यायसभेत त्यांच्याकडून इतक्या नेमाने दंड घेतला जाई की तो दंड नसून परवान्याचे शुल्कच वाटावे. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची यांतले काही तिथे नव्हते. अर्थात तेव्हा ते आपल्याकडेही नव्हते.

गव्हाच्या पेरलेल्या एका मापाला तीन ते चार मापे पदरी पडत, आणि त्यांतले एक पुढच्या पेरणीसाठी बाजूला ठेवावे लागे. त्या माणसाची श्रद्धा, त्याची भीती आणि त्याचा चिवटपणा हे सगळे या हिशेबासमोर ठेवून पाहिल्याशिवाय समजत नाही. उरलेल्यातून चर्चचा दहावा हिस्सा जाई. तो भूदास असेल तर मालकाच्या शेतावर आठवड्यातले ठरावीक दिवस वेठ, मुलीचे लग्न ठरले की त्याच्या परवानगीचे पैसे, आणि घरचा कर्ता मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर मालकाकडे. ईस्टरपूर्वीचे 40 दिवस मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य असत. हे दिवस नेमके हिवाळ्याअखेरीस, कोठार तळाला गेलेले असताना येतात. टंचाईचे व्रत झाले की व्रताला टंचाईची साथ मिळाली हे कोणी सांगू शकणार नाही, पण नाइलाजाला त्यामुळे अर्थ मिळत असे एवढे खरे.

कालगणनाही अशीच अर्थाने भरलेली होती. दस्तऐवजावर आजच्यासारखी तारीख नसे. संत मायकेलच्या सणानंतरचा सोमवार, राजाच्या राज्यारोहणाचे अमुक वर्ष, अशी नोंद असे. संत मायकेलचा सण 29 सप्टेंबरला, म्हणजे सुगी आटोपल्यावर येई, आणि जमाखर्चाचे वर्ष तिथे बदले. 12व्या शतकानंतर इंग्लंडात वर्षाचा आकडा बदलत असे तो 25 मार्चला, कारण त्या दिवशी देवदूताने मेरीला येशूच्या जन्माची वार्ता दिली. दिवसाचे तास बारा, पण दिवस म्हणजे उजेड. त्यामुळे जूनमधला तास आजच्या 80 मिनिटांहून थोडा मोठा आणि डिसेंबरमधला जेमतेम 40 मिनिटांचा. हे विचित्र वाटत असेल तर आपल्याकडे दिवसाचे प्रहर कसे मोजत ते आठवावे.

आणि याच गावात, याच मठात, युरोपातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या घड्याळांपैकी एक घडवले गेले. त्याचा कर्ता वॉलिंगफर्डचा रिचर्ड हा एका लोहाराचा मुलगा. वडील लहानपणी वारले, एका मठाच्या प्रमुखाने त्याला सांभाळले, ऑक्सफर्डला शिकवले, आणि 1327 मध्ये तो सेंट ऑल्बन्सचा मठाधिपती झाला. त्याच्या घड्याळात तासांबरोबर सूर्य, चंद्र आणि तारे यांची स्थिती दिसे, ग्रहणे कळत, आणि लंडन ब्रिजपाशी भरती केव्हा येईल हेही समजे. दरम्यान 1323 मध्ये चर्चचा एक भाग कोसळलेला होता. राजा तिसरा एडवर्ड भेटीला आला तेव्हा, चर्च पडले असताना घड्याळावर एवढा खर्च कशासाठी, असे त्याने मठाधिपतीला सुनावले. रिचर्डने उत्तर दिले की चर्च दुरुस्त करणारे मठाधिपती पुढे पुष्कळ होतील, हे यंत्र मात्र माझ्यामागे कोणाला पुरे करता येणार नाही. महारोगाने तो 1336 मध्ये गेला आणि घड्याळ त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुरे झाले. वेळ वाचवणे हा त्या घड्याळाचा हेतू नव्हताच. ईश्वराने आकाशात जी चाके फिरवली आहेत, तीच चर्चच्या भिंतीत फिरताना दाखवणे हा तो हेतू होता, आणि ज्याला हे कळले त्याने मध्ययुगीन बुद्धीला अंधारात चाचपडणारी म्हणण्याचे कारण नाही.

पण याच रिचर्डने गावातली दळणाची जाती जप्त केली.

कज्जा जुना होता. दळण मठाच्या पाणचक्कीवरच न्यायचे आणि तिथे पिठातला हिस्सा द्यायचा, असा मठाचा दावा होता. आणि लोक घरात जाती ठेवून गुपचूप दळत. आपल्याकडे जाते म्हटले की ओवी आठवते, तिथे जाते म्हटले की खटला. दोन तळ्या आणि एक खुंटा, एवढ्या वस्तूवरून गावाने मठाशी पिढ्यान्‌पिढ्या भांडण केले, कारण स्वतःच्या घरात दळता येणे म्हणजे आपण कोणाचे दास नाही, असा त्याचा अर्थ होता. रिचर्डने 1330च्या सुमारास हा विरोध मोडून काढला, जाती काढून घेतली आणि ती मठातल्या बैठकीच्या खोलीच्या दाराशी फरशीत बसवली. त्यांवरून ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला मठाचा विजय पायाखाली जाणवावा, ही त्यामागची कल्पना.

ती फरशी 50 वर्षे टिकली. जून 1381 मध्ये इंग्लंडातले शेतकरी आणि कारागीर उठले. वॉट टायलरच्या नेतृत्वाखाली ते लंडनमध्ये शिरले, आणि टायलर मारला गेला त्याच 15 जूनच्या दिवशी सेंट ऑल्बन्सचे लोक विल्यम ग्रिंडकॉब याच्या मागून मठात घुसले. त्यांनी मठाच्या तुरुंगातले कैदी सोडले, दस्तऐवज बाजारात आणून जाळले, आणि फरशीतली जाती उखडून बाहेर आणली. मग त्यांनी त्या दगडांचे तुकडे केले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा दिला. आणि मठाचा बखरकार टॉमस वॉल्सिंगम लिहितो, की रविवारी गावोगावच्या चर्चमध्ये जसा मंत्रून पवित्र केलेला पाव वाटतात, तसे ते तुकडे वाटले गेले.

वॉल्सिंगम स्वतः मठवासी होता आणि बंडखोरांचा कट्टर वैरी; तरी मला हे वाक्य त्याच्या बखरीतले सर्वांत मोलाचे वाटते. तो पाव म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानून उपासनेत घेतला जाणारा ख्रिस्तप्रसाद नव्हे. खरा ख्रिस्तप्रसाद बहुतेक लोक वर्षातून एकदा, ईस्टरला घेत. 1215 च्या धर्मसभेने निदान तेवढे तरी बंधनकारक केले होते. एरवीच्या रविवारी गावातल्या घरांनी पाळीपाळीने भाजून दिलेला पाव आशीर्वाद देऊन वाटला जाई. आपल्या भाषेत त्याला प्रसाद म्हणणेच जवळचे. काही अभ्यासक दगडांच्या वाटपात धर्माची टवाळी पाहतात. मला तसे वाटत नाही. आपण सारे एक आहोत आणि जे घडले ते पवित्र आहे, हे दाखवायचे असेल तर त्या लोकांच्या हाताला माहीत असलेली कृती एकच होती, आणि ती त्यांनी केली. आपण आज धर्म एका कप्प्यात आणि मजुरी, कर, दळण दुसऱ्या कप्प्यात ठेवतो. त्यांच्या घरात कप्पे नव्हते. म्हणूनच जॉन बॉल या धर्मगुरूने त्याच बंडात लोकांना विचारले होते, की आदम खणत होता आणि ईव्ह सूत काढत होती तेव्हा साहेब कोण होता? समतेचे प्रमाण त्याला बायबलच्या पहिल्याच पानावर सापडले.

त्या दोन-तीन दिवसांतल्या आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. मठाच्या राखीव रानातला एक ससा लोकांनी जिवंत पकडला आणि गावातल्या शिक्षेच्या खांबावर नेऊन अडकवला. शिकारीचा हक्क आता आमचा, ही त्याची जाहीर नोंद. रानाचा ताबा घेतल्याची खूण म्हणून त्यांनी झाडाच्या फांद्या हाती घेतल्या. जिथे बहुसंख्यांना अक्षरओळख नाही तिथे मातीचे ढेकूळ आणि झाडाची फांदी हेच खरेदीखत असते. पण लिखिताची ताकद त्यांना कळत नव्हती असे मात्र नाही, नाहीतर त्यांनी मठाचे कागद जाळलेच नसते. उलट त्यांची मुख्य मागणी एका दस्तऐवजाचीच होती. 8व्या शतकातला राजा ऑफा याने गावाला स्वातंत्र्याची सनद दिली होती, तिची मोठी अक्षरे आळीपाळीने सोन्याची आणि निळी होती, आणि मठाने ती दडवून ठेवली आहे, असे ते सांगत होते. मठाधिपती टॉमस द ला मेअर शपथेवर म्हणाला की असा दस्तऐवज नाही. बहुधा तो खरेच नव्हता. पण सोनेरी-निळ्या अक्षरांच्या त्या सनदेत एका काळाचे मन दिसते: न्याय भविष्यात मिळवायचा नसतो, तो भूतकाळात होता आणि कोणीतरी चोरलेला असतो. ‘नवीन’ हा शब्द त्या काळी तक्रारीत वापरला जाई. नवा कर, नवी चाल, नवा जुलूम. हक्क सांगायचा तर तो जुनाच असला पाहिजे.

शेवट वाईट झाला. जुलैमध्ये राजा दुसरा रिचर्ड न्यायाधीशासह सेंट ऑल्बन्सला आला. जॉन बॉलला 15 जुलैला याच गावात मृत्युदंड दिला गेला. ग्रिंडकॉबला मठाकडून घेतलेली कागदपत्रे परत करवण्यासाठी तात्पुरते सोडले, तर त्याने गावकऱ्यांना उलट सांगितले की माझी काळजी करू नका, या कामी मेलो तर हौतात्म्य समजेन. तोही फासावर गेला. ज्याच्या नावाने गाव वसले तो ऑल्बन हुतात्माच होता, हे इथे लक्षात घ्यावे.

हे बंड आकाशातून पडले नव्हते. 1315 च्या वसंतात सुरू झालेला पाऊस थांबलाच नाही. पीक शेतात कुजले, चारा वाळेना, आणि 10 ऑगस्टला राजा दुसरा एडवर्ड सेंट ऑल्बन्सला उतरला तेव्हा खुद्द त्याच्या परिवाराला पुरेसा पाव मिळणे कठीण झाले. राजाची ही गत, तर इतरांचे काय? दुष्काळ दोन-तीन वर्षे चालला. एक पिढी उलटते न उलटते तोच 1348 मध्ये प्लेग इंग्लंडात पोहोचला आणि 1349 मध्ये या मठाचा मठाधिपती व चाळीसहून अधिक मठवासी दगावले. युरोपभर एक तृतीयांश ते निम्मी माणसे गेली. हात कमी झाले, मजुरी वाढली, आणि ती जुन्या दरावर रोखण्यासाठी राजाने 1349 मध्ये हुकूम आणि संसदेने 1351 मध्ये कायदा केला. 1381 चा राग तिथून साठत आला होता.

प्लेग का आला, याचे उत्तर पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यांनी 1348 मध्ये दिले: 20 मार्च 1345 रोजी कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ यांची युती झाली, त्यामुळे हवा दूषित झाली, आणि दूषित हवेने देहातले द्रव बिघडले. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांचा तोल म्हणजे आरोग्य, असे त्यांचे शास्त्र होते. वात-पित्त-कफाच्या भाषेत वाढलेल्या आपल्या वाचकांना या विचाराची घडण लगेच समजते. आणि या सगळ्याच्या मुळाशी पापाबद्दल देवाचा कोप. वर्गात मुले विचारत, की नक्की काय मानत होते ते लोक, ग्रह की देव की हवा? तिन्ही. देव इच्छा करतो, ग्रह ती उतरवतात, हवा ती अंगाला भिडवते. ही उत्तरे एकमेकांना खोडत नव्हती, एकाखाली एक लावलेली होती.

स्त्रियांबद्दल एवढ्या जागेत न्याय देता येणार नाही, पण एक मुलगी मला वगळवत नाही. 12व्या शतकाच्या सुरुवातीस हंटिंगडनच्या एका सधन घरातली मुलगी आईवडिलांबरोबर या मठाच्या दर्शनाला आली आणि तिने निघताना चर्चच्या दारावर नखाने क्रूस ओरखडला. मी देवाची, हा तिचा करार. पुढे घरच्यांनी लग्न ठरवले, धाक दाखवला, मारझोड केली, तेव्हा ती पुरुषाचा वेश करून घोड्यावरून पळाली. मार्किएट येथे रॉजर नावाच्या एकांतवासी साधूच्या कुटीला लागून असलेल्या, जेमतेम बसता येईल अशा सांदीत ती चार वर्षे लपून राहिली. तिला नंतर क्रिस्टिना म्हणून ओळखू लागले, आणि सेंट ऑल्बन्सचा मठाधिपती जेफ्री तिच्याकडे सल्ल्यासाठी येऊ लागला. लग्नाला नाही म्हणण्याची सवड त्या समाजात स्त्रीला फार थोड्या दारांनी मिळे. तिने नखाने खूण केली ते त्यांतलेच एक दार होते.

आता दूरच्या जगाकडे येऊ, आणि सपाट पृथ्वीकडेही.

पृथ्वी गोल आहे हे शिकलेल्या मध्ययुगीन माणसाला पक्के ठाऊक होते. 13व्या शतकात सॅक्रोबॉस्को याने लिहिलेले खगोलाचे पाठ्यपुस्तक विद्यापीठांत शतकानुशतके शिकवले जात होते, आणि ग्रहण वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या वेळी का दिसते, डोलकाठीवरच्या माणसाला किनारा आधी का दिसतो, असे गोलाईचे पुरावे त्यात क्रमाने दिलेले आहेत. सपाट पृथ्वीची गोष्ट त्यांच्या माथी मारली गेली ती मुख्यतः 19व्या शतकात. त्यांची चूक वेगळी होती: पृथ्वी मध्यभागी स्थिर, तिच्याभोवती चंद्रापासून शनीपर्यंत सात गोल, त्यांपलीकडे तारे, आणि सर्वांच्या बाहेर स्वर्ग. पण मध्यभाग म्हणजे मानाची जागा असे समजू नये. तो या विश्वाचा तळ होता, जिथे जड आणि नाशवंत ते सारे येऊन साचते. घराचा तळ तो मधोमध आहे म्हणून कोणी त्याला देवघर म्हणत नाही.

सेंट ऑल्बन्सचा मठवासी मॅथ्यू पॅरिस 1217 मध्ये मठात आला आणि 1259 मध्ये वारला. मठ सोडून फिरायचे नाही असे व्रत असल्याने, नॉर्वेसारखा एखादा प्रवास सोडला तर, त्याचे आयुष्य तिथेच गेले. त्याने लंडनपासून जेरुसलेमपर्यंतचा मार्ग पानांवर उभ्या पट्ट्यांत काढला: एक गाव, त्याच्या बुरुजांचे छोटे चित्र, मग एका दिवसाची चाल, मग पुढचे गाव. कडांना जास्तीचे तुकडे जोडले, ते उलगडायचे. जागेवर बसून बोटाने केलेली ही यात्रा होती. मात्र समोर आलेली वस्तू तो डोळे फाडून पाही. फ्रान्सच्या राजाने 1255 मध्ये इंग्लंडच्या राजाला हत्ती भेट दिला आणि तो लंडनच्या टॉवरमध्ये ठेवला, तेव्हा मॅथ्यूने त्याचे चित्र काढले, शेजारी माहुताला उभे केले, आणि लिहिले की या माणसाच्या उंचीवरून जनावराचा आकार ओळखावा. त्याच मजकुरात जुन्या ग्रंथांतली हत्तीची माहितीही आहे. पाहिलेले आणि वाचलेले एकाच पानावर, शेजारी शेजारी. त्याला त्यात अडचण वाटत नाही.

इंग्लंडातल्या हेरफर्डच्या चर्चमध्ये 1300 च्या सुमाराचा, एका वासराच्या अख्ख्या कातड्यावर काढलेला जगाचा नकाशा आहे. पूर्व वर, अगदी शिखरावर आदम-ईव्हच्या नंदनवनाचे बेट, मधोमध जेरुसलेम, आणि गंमत म्हणजे युरोप आणि आफ्रिका ही सोनेरी नावे एकमेकांच्या जागी पडली आहेत. वाट शोधायला तो निरुपयोगी आहे. त्यात ठिकाणाबरोबर घटनाही आहेत: नोहाची नौका, अलेक्झांडरच्या छावण्या. तो नकाशा म्हणजे एका चौकटीत वाचायची जगाची कथाच आहे. त्यात भारतही आहे, आणि भारतात एक पाय असलेला माणूस आहे, जो उन्हात पाठीवर पडून आपल्या प्रचंड पावलाची सावली अंगावर घेतो.

आणि मग त्या भारतात खरोखरची माणसे आली. 1321 मध्ये फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार धर्मबंधू ठाण्यात मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्यांना पुरले. याच जॉर्डानसने भारताविषयी लिहिताना फणसाची तारीफ केली की एक फळ पाच माणसांना पुरते, आणि मृतांना उघड्या मनोऱ्यात पक्ष्यांसाठी ठेवणाऱ्या अग्निपूजकांचे, म्हणजे आपल्या पारशांचे, अचूक वर्णन केले. पुढे आपण न पाहिलेल्या ‘तिसऱ्या भारता’बद्दल, म्हणजे पूर्व आफ्रिकेकडच्या प्रदेशाबद्दल, लिहिताना मात्र डोक्यावर रत्न असलेले उडते ड्रॅगन येतात, आणि नंदनवनातून वाहत येणाऱ्या नदीत ते कोसळून मरतात. त्याच्यामागून ओदोरिको हा इटालियन फ्रान्सिस्कन ठाण्याला आला, मृत धर्मबंधूंच्या अस्थी घेऊन चीनला निघाला, आणि समुद्रात वारा पडला तेव्हा त्यातली एक अस्थी पाण्यात टाकताच वारा सुटला असे त्याने सांगितले.

ओदोरिकोच्या 1330 मध्ये उतरवून घेतलेल्या वृत्तांतात ठाण्याबद्दल दोन गोष्टी आहेत. एक, हे शहर पोरस राजाचे, ज्याने अलेक्झांडरशी मोठे युद्ध केले. हे अर्थातच चूक, पोरस झेलमकाठचा. पण भारत म्हटले की ग्रंथांनी पोरस सांगितलेला, तेव्हा भारतात पाऊल ठेवल्यावर तो कुठेतरी भेटायलाच हवा. दुसरी, इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, त्यांना कुत्रेच पकडतात, मांजरांचे काही चालत नाही. हे वाचून युरोपीय अभ्यासक हसत असतील. ठाण्याच्या चाळीत वाढलेला माणूस मान डोलावील. घुशीपुढे मांजराचे काय चालणार? आकार थोडा वाढला असेल, पण त्याने घूस पाहिली होती. युरोपातल्या वाचकाला मात्र एका पायाचा माणूस, ड्रॅगन आणि घूस यांतले खरे कोणते हे ठरवण्याचे काहीच साधन नव्हते, आणि देवाने एवढे विविध जग निर्माण केले असताना त्यातले काही अशक्य म्हणण्याचे कारणही नव्हते.

ठाण्याची ती घूस अखेर सेंट ऑल्बन्सच्या नावापर्यंत पोहोचली. 14व्या शतकाच्या मध्यास जॉन मँडेव्हिल या नावाने एक प्रवासवर्णन फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले आणि युरोपच्या बहुतेक भाषांत गेले. आपण इंग्लंडातल्या सेंट ऑल्बन्सचे नाइट आहोत, असे लेखक सांगतो. तो खरोखर कोण होता आणि घराबाहेर तरी पडला होता का, याबद्दल अभ्यासक साशंक आहेत, कारण पुस्तकाचा मोठा भाग ओदोरिकोच्या वृत्तांतावरून उचललेला आहे, आणि त्यात कुत्र्यांकडून धरले जाणारे ते ठाण्याचे उंदीरही आहेत. याच पुस्तकात लेखक पृथ्वी गोल असल्याचे ताऱ्यांच्या आधारे समजावतो आणि लहानपणी ऐकलेली एक गोष्ट सांगतो. त्याच्या देशातला एक माणूस जग पाहायला निघाला, भारत आणि त्यापलीकडची बेटे ओलांडून चालतच राहिला, आणि एका बेटावर त्याला कोणीतरी नांगराच्या बैलांना अगदी आपल्याच भाषेत हाकारताना ऐकू आले. हे कसे शक्य आहे ते त्याला कळेना. वाट पुढे मिळेना, तेव्हा आल्या वाटेने तो सारे जग पुन्हा तुडवत घरी परतला. आणि पुढे कधीतरी नॉर्वेकडे जाताना वादळाने त्याला एका बेटावर नेऊन टाकले, तेव्हा त्याने ती हाक ओळखली.